नकाशाचा पाया

जर्मनी व स्वित्झर्लंड या दोन देशांच्या सरहद्दीवर, ऱ्हाइन नदीच्या दोन्ही कांठांवर, लाउफेनबुर्ग नांवाचें गांव वसलेलें आहे. नदीच्या एका बाजूचें गांव जर्मनीचें, दुसऱ्या बाजूचें स्वित्झर्लंडचें. नांव मात्र दोहोंचें एकच. इ. स. २००३ च्या सुमारास हे दोन कांठ जोडणारा एक नवा पूल बांधण्याचें काम चालू होतें. दोन्ही बाजूंचे अभियंते आपापल्या कामांत निष्णात होते आणि मोजणीचीं साधनें उत्तम होतीं. असें असतां काम बरेंच पुढें गेल्यावर ध्यानांत आलें कीं, नदीवर एकमेकांस मिळावयाचे ते पुलाचे दोन भाग मिळणारच नाहींत. दोन कांठांच्या बांधकामांत ५४ सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ दोन फुटांचा, उंचीचा फरक पडला आहे.

हें घडलें कसें? उंची ही नेहमीं समुद्रसपाटीपासून मोजतात, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु कोणत्या समुद्राच्या सपाटीपासून? जर्मनीचें शून्य उत्तर समुद्रावरून, ॲमस्टरडॅम येथील पातळीवरून ठरलेलें आहे. स्वित्झर्लंडचें शून्य भूमध्य समुद्रावरून ठरलेलें आहे. या दोन शून्यांत २७ सेंटिमीटरांचा फरक आहे, ही गोष्ट अभियंत्यांना ठाऊकहि होती आणि त्यांनीं ती हिशेबांत धरलीहि होती. फक्त जेथें २७ वजा करावयाचे तेथें ते मिळविले गेले. चूक बेरजेची होती. परंतु ती बेरीज करण्याचा प्रसंग आला तो मात्र एकाच नदीच्या दोन कांठांवर दोन निरनिराळीं शून्यें नांदत होतीं म्हणून. चूक वेळींच उमगली, ती दुरुस्त झाली, आणि आज तो पूल वापरांत आहे. तथापि या गोष्टींत जो धडा आहे तो एका पुलापुरता नाहीं. तो नकाशा काढणाऱ्या, वापरणाऱ्या, किंबहुना नकाशावर विसंबून आपली जमीन, आपलें घर किंवा आपला जीव सुरक्षित मानणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचा आहे. त्याच धड्याचा विचार आज करावयाचा आहे.

श्रोतेहो, मोजून काढलेला कोणताहि नकाशा तीन करारांवर उभा असतो. पृथ्वीचा आकार व तिचें आकारमान काय मानावयाचें, हा पहिला करार. तो मानलेला आकार खऱ्या पृथ्वीला कोठें व कसा बसवावयाचा, हा दुसरा. आणि उंची मोजतांना शून्य कोठें धरावयाचें, हा तिसरा. सर्वेक्षणाच्या परिभाषेंत अशा ठरावाला 'डेटम' म्हणतात. आपण त्याला नकाशाचा पाया म्हणूं. घराचा पाया जमिनींत पुरलेला असतो, म्हणून पाहुण्याला तो दिसत नाहीं. तसाच नकाशाचा पायाहि वाचकाला दिसत नाहीं. नकाशावर रस्ते दिसतात, नद्या दिसतात, शेतांच्या हद्दी दिसतात. परंतु या साऱ्या रेघा कोणत्या करारावर उभ्या आहेत, हें कोपऱ्यांतील बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें, आणि कित्येकदां तेंहि नसतें.

असे करार तरी कशाला हवेत, पृथ्वी आहे तशी मोजली म्हणजे झालें, असें कोणी म्हणेल. अडचण अशी कीं, पृथ्वी आहे तशी गणितांत मावत नाहीं. ती पूर्ण गोल नाहीं. ध्रुवांकडे किंचित् चपटी आहे. मध्यापासून विषुववृत्तापर्यंतचें अंतर मध्यापासून ध्रुवापर्यंतच्या अंतरापेक्षां सुमारें २१ किलोमीटरांनीं अधिक आहे. शिवाय तिच्यावर डोंगर आहेत, समुद्राचे खळगे आहेत, आणि पोटांतील द्रव्य सर्वत्र सारख्या वजनाचें नाहीं. म्हणून गणितासाठीं एक गुळगुळीत, किंचित् चपटा असा काल्पनिक गोल घ्यावा लागतो. त्याला गोलाभ म्हणतात. अक्षांश व रेखांश हे वस्तुतः या काल्पनिक गोलाभावरचे असतात. गोलाभ बदलला कीं अक्षांश-रेखांश बदलतात; जमीन मात्र जागच्या जागींच असते.

आपल्या देशाच्या नकाशांचा पाया घालण्याचें काम १८०२ सालीं मद्रासजवळ सुरू झालें. विल्यम लॅम्टन या सर्वेक्षकानें सेंट टॉमस माउंटच्या परिसरांत सुमारें साडेसात मैल लांबीची एक सरळ रेषा पोलादी सांखळीनें मोठ्या कष्टानें मोजली. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या बाजू गणितानें काढतां येतात, हें भूमितीचें साधें तत्त्व. लॅम्टननें त्या एका मोजलेल्या रेषेवर त्रिकोण उभारला, त्याच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्याच्या बाजूवर तिसरा, आणि अशी त्रिकोणांची माळ टेंकड्यांच्या व गोपुरांच्या माथ्यांवरून उत्तरेकडे ओढीत नेली. हें काम वीस वर्षें चाललें. नागपूरच्या वाटेवर असतां २० जानेवारी १८२३ रोजीं लॅम्टनचा वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें अंत झाला. त्याची कबर तेथेंच आहे. पुढें जॉर्ज एव्हरेस्टनें ही माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोंचविली, आणि १८४१ सालीं हें प्रचंड काम पुरें झालें.

या मोजणीवरून एव्हरेस्टनें १८३० सालीं पृथ्वीचा एक गोलाभ ठरविला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मापांत ६३,७७,२७६ मीटर येते. हा गोलाभ खऱ्या पृथ्वीशीं जेथें जोडावयाचा तो मूलबिंदु म्हणून मध्य हिंदुस्थानांतील, सिरोंजजवळचें, कल्याणपूर हें ठिकाण पुढें निश्चित झालें. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे दीडशें वर्षांहून अधिक काळ या पायावर उभे राहिले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे अक्षांश-रेखांश कल्याणपूरच्या त्या एका बिंदूपासून मोजले गेले, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

परंतु पाया घालतांनाच एक विलक्षण गोष्ट आढळून आली. कल्याणपूर व त्याच्या उत्तरेस सुमारें ६०० किलोमीटरांवर असलेलें कलियाना, या दोन ठिकाणांमधील अक्षांशांचा फरक दोन रीतींनीं काढण्यांत आला. एक रीत त्रिकोणांची. दुसरी आकाशांतील ताऱ्यांची. या दोन रीतींच्या उत्तरांत ५.२४ विकलांचा फरक निघाला. जमिनीवर हा फरक सुमारें १६० मीटर भरतो. इतक्या काटेकोर कामांत १६० मीटर ही लहानसहान गोष्ट नव्हती.

या फरकाचें मूळ एका अगदीं साध्या साधनांत होतें. तें साधन म्हणजे गवंड्याच्या हातांत असतो तो ओळंबा. ताऱ्याची उंची मोजतांना 'सरळ वर' म्हणजे कोणती दिशा, हें आधीं ठरवावें लागतें, आणि ती दिशा ओळंब्यानें ठरते. ओळंबा सर्वत्र सरळ खालीं लोंबतो, अशी आपली समजूत असते. पण ओळंब्याला पृथ्वी जशी ओढते तसा हिमालयहि ओढतो. कलियाना हिमालयाला जवळ. तेथें ओळंबा किंचित् उत्तरेकडे झुकला, आणि त्याबरोबर ताऱ्यांवरून काढलेला अक्षांशहि सरकला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे गणिताचे मोठे जाणकार होते. त्यांनीं हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला, तों आश्चर्यांत भरच पडली. हिमालयाचें दिसणारें वस्तुमान जमेस धरलें तर ओळंबा प्रत्यक्षांत झुकला त्याच्या तिप्पट झुकावयास हवा होता! १८५५ सालीं इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं यावर खुलासा सुचविला कीं, पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या खंडाप्रमाणें पर्वतांच्याहि हलक्या द्रव्याच्या मुळ्या खोलवर गेलेल्या असाव्यात, व त्यामुळें त्यांची ओढ दिसते तेवढी नसावी. नकाशाचा एक हिशेब जुळेना, आणि त्यांतून भूशास्त्राला पर्वतांच्या मुळांचा पत्ता लागला.

याच एअरी साहेबांच्या दुर्बिणीची दुसरी एक गोष्ट आहे. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेनें ग्रिनिच येथील वेधशाळेंतून जाणारी रेषा ही शून्य रेखांशाची रेषा म्हणून मान्य केली. ती रेषा एअरींच्या दुर्बिणीवरून ठरविलेली होती. आज तेथें धातूची पट्टी बसविलेली आहे, आणि जगभरचे प्रवासी एक पाय पूर्व गोलार्धांत व एक पश्चिम गोलार्धांत ठेवून आपलें छायाचित्र काढून घेतात. परंतु त्याच प्रवाशानें खिशांतील दूरध्वनियंत्रावर आपला रेखांश पाहिला तर तो शून्य दिसत नाहीं. उपग्रहांनीं दाखविलेलें शून्य पट्टीच्या पूर्वेस १०२ मीटरांवर, बागेंत कोठें तरी पडतें. येथेंहि कोणी चुकलेलें नाहीं. एअरींचें 'सरळ वर' हें ग्रिनिचच्या स्थानिक गुरुत्वाकर्षणानें ठरलें होतें. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याभोंवतीं फिरतात, आणि त्यांना ग्रिनिचच्या स्थानिक झुकावाशीं कांहीं कर्तव्य नाहीं.

आतां आपण आजच्या काळांत आलों. उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान सांगणारी जी.पी.एस. ही पद्धति ज्या पायावर उभी आहे त्याचें नांव 'डब्ल्यू.जी.एस. ८४'. त्याचा गोलाभ एखाद्या देशाला नव्हे, तर साऱ्या पृथ्वीला बसेल असा घेतलेला असून त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आहे. एव्हरेस्टच्या त्रिज्येहून ती ८६१ मीटरांनीं मोठी. एव्हरेस्टचें माप चुकलें असें मात्र यावरून समजूं नये. त्यानें शिंप्याप्रमाणें हिंदुस्थानच्या अंगाचें माप घेऊन अंगरखा शिवला होता, आणि तो हिंदुस्थानला चांगला बसलाहि. साऱ्या जगाच्या अंगाला तो कसा बसावा?

व्यवहारांत मात्र या दोन पायांचें अंतर फार जाणवतें. एव्हरेस्टच्या पायावरील जुन्या नकाशावरून एखाद्या विहिरीचे अक्षांश-रेखांश उतरून घेतले आणि तेच आंकडे कांहीं न बदलतां उपग्रहयंत्रांत घातले, तर यंत्र आपणांस त्या विहिरीपाशीं नेत नाहीं. देशाच्या निरनिराळ्या भागांत हा फरक निरनिराळा असून पुष्कळ ठिकाणीं तो शंभर मीटरांच्या वर जातो. विहीर शोधावयास निघालेला मनुष्य शेजाऱ्याच्या उसांत जाऊन उभा राहावयाचा! २००५ सालच्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें नकाशांच्या दोन मालिका ठरविल्या: संरक्षणासाठीं एव्हरेस्टच्या पायावरील एक, व सर्वांच्या उपयोगासाठीं डब्ल्यू.जी.एस. ८४ च्या पायावरील दुसरी. तेव्हां एकाच गांवाचे दोन अधिकृत नकाशे दोन पायांवर असूं शकतात, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

हा प्रश्न आज इतका महत्त्वाचा होण्याचें कारण म्हणजे नकाशे एकमेकांवर ठेवण्याची नवी विद्या. हिला 'भौगोलिक माहिती प्रणाली' किंवा थोडक्यांत 'जी.आय.एस.' म्हणतात. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडामध्यें रॉजर टॉमलिन्सन या भूगोलज्ञानें देशाच्या जमिनीची मोजदाद करण्यासाठीं संगणकावर अशी पहिली मोठी प्रणाली उभारली. कल्पना सोपी आहे. एका पारदर्शक कागदावर जमिनीचा पोत, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर वस्ती, चौथ्यावर रस्ते असे काढावे. सर्व कागद एकावर एक ठेवावे. आणि वरून पाहावें. कोणत्या वस्तीला पुराचा धोका आहे, कोणत्या गांवाला दवाखाना दूर पडतो, पाण्याची नळवाहिनी कोठून न्यावी, अशा प्रश्नांचीं उत्तरें मग डोळ्यांसमोर येतात. आजचें नगरनियोजन, पीक-पाहणी, वनरक्षण, आपत्तिनिवारण हें सर्व या विद्येवर चालतें.

परंतु या साऱ्या कागदांच्या कडा जुळल्या तरच वरून दिसणारें चित्र खरें. एका कागदाचा पाया कल्याणपूरचा व दुसऱ्याचा उपग्रहांचा असेल, तर पुराची रेषा एका गल्लीऐवजीं दुसऱ्या गल्लींतून जाईल. आणि संगणक हा मोठा आज्ञाधारक कारकून आहे. त्याला जें सांगितलें तें तो मुकाट्यानें करतो. चुकीच्या पायावरचा कागद तो नाकारीत नाहीं. चुकीच्या जागीं नीटनेटका ठेवतो. चूक ओबडधोबड दिसली असती तर कोणाच्या तरी नजरेस आली असती. ती सुबक दिसते, हाच धोका.

यावर व्यवसायांतील लोकांनीं एक उपाय काढला आहे. युरोपांतील खनिज तेलाचा शोध करणाऱ्या कंपन्यांच्या सर्वेक्षकांनीं जगांतील सर्व पायांची व प्रक्षेपणांची एक सूची तयार केली आणि प्रत्येकास एक क्रमांक दिला. या सूचीस 'ई.पी.एस.जी.' असें म्हणतात. डब्ल्यू.जी.एस. ८४ वरील अक्षांश-रेखांशांचा क्रमांक ४३२६. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविण्यासाठीं रेखांशांच्या सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात, त्यांनाहि क्रमांक आहेत. ७२ ते ७८ अंशांचा पट्टा ४३ वा. त्याचा सूची-क्रमांक ३२६४३. ७८ ते ८४ अंशांचा पट्टा ४४ वा. त्याचा क्रमांक ३२६४४. गंमत अशी कीं, या दोन पट्ट्यांची शीव आपल्या विदर्भांतून जाते. मुंबई, पुणें व अमरावती हीं शहरें एका पट्ट्यांत, तर वर्धा व नागपूर हीं दुसऱ्या पट्ट्यांत. अमरावतीच्या पट्ट्यांतील आंकडे जसेच्या तसे वर्ध्याच्या पट्ट्यांत वाचले तर गांव शेंकडों किलोमीटर दूर जाऊन पडतें. ही चूक निदान ढळढळीत असते. शंभर मीटरांची चूक मात्र खपून जाते, आणि म्हणून ती अधिक घातक.

एका पायावरून दुसऱ्या पायावर आंकडे नेण्याचें गणित करणारीं साधनें आज विनामूल्य मिळतात. 'प्रोज' नांवाचा गणिती संच व २००२ सालीं सुरू झालेली 'क्यूजिस' ही नकाशा-प्रणाली कोणाहि विद्यार्थ्याला घरच्या संगणकावर वापरतां येते. साधनांची वाण आतां नाहीं. वाण आहे ती कागद हातीं येतांच त्याचा पाया विचारण्याच्या संवयीची.

येथवर जमिनीवरील स्थानाची गोष्ट झाली. उंचीची गोष्ट मुंबईकरांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. पावसाळ्यांत 'आज साडेचार मीटरची भरती' अशी सूचना वृत्तपत्रांत आपण वाचतों. ही साडेचार मीटर कोठून मोजलेली? बंदराच्या नकाशांवर जें शून्य असतें तें मोठ्या ओहोटीच्या वेळच्या खालच्या पातळीशीं ठरविलेलें असतें, कारण जहाजाच्या कप्तानाला किमान पाणी किती हें हवें असतें. मुंबईची सरासरी समुद्रपातळी या शून्याच्या सुमारें अडीच मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती ही सरासरी समुद्रपातळीपासून दोनच मीटर उंच! भारतीय सर्वेक्षण विभागाचें शून्य आणखी निराळें. तें मुंबई, कारवार, कराची, मद्रास आदि नऊ बंदरांच्या सरासरी पातळीवरून १९०९ सालीं निश्चित झालेलें आहे. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या कामांत 'टाउन हॉल डेटम' म्हणून तिसरेंच एक शून्य रूढ आहे. आज जेथें एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे त्या टाउन हॉलवरून त्याचें नांव पडलें. आणि उपग्रहयंत्र आपली कच्ची उंची गोलाभापासून मोजतें, तें चौथें. मुंबईच्या किनाऱ्यावर उभें राहून ही कच्ची उंची पाहिली तर ती शून्याखालीं साठ मीटरांहून अधिक दिसते. कारण हिंदी महासागराच्या या बाजूस गुरुत्वाकर्षण कमी असल्यानें समुद्राची पातळीच गोलाभाच्या खालीं गेलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस ती १०० मीटरांहून अधिक खालीं जाते.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याची आठवण मुंबईंत अद्याप ताजी आहे. शहराच्या पर्जन्यजलवाहिन्यांचीं पुष्कळशीं मुखें भरतीच्या पातळीच्या खालीं आहेत; भरतीच्या वेळीं तेथून पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. अशा शहरांत अमुक घर बुडेल कीं नाहीं, हें सांगावयाचें तर भरतीचा आंकडा, वाहिनीच्या तळाचा आंकडा आणि रस्त्याच्या उंचीचा आंकडा हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं मांडावे लागतात. एक बंदराच्या शून्यावरचा, दुसरा टाउन हॉलच्या, तिसरा उपग्रहाच्या. ते एका शून्यावर आणल्याखेरीज त्यांची वजाबाकी करणें म्हणजे मण व शेर एकत्र मिळविण्यासारखें आहे. नकाशांतील शून्यें कितीहि असोत. पाणी स्वतः एकच पातळी ओळखतें. २०२२ सालच्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणानें २०३० पर्यंत साऱ्या देशाच्या उंचीचा अतिसूक्ष्म नकाशा करण्याचें व सपाट प्रदेशांत तो २५ सेंटिमीटरांपर्यंत अचूक असण्याचें ध्येय ठेविलें आहे. लाउफेनबुर्गच्या दोन शून्यांतला फरक २७ सेंटिमीटरांचा होता, हें येथें आठवावें.

आणखी एक गोष्ट. हा पाया स्थिरहि नाहीं. आपला भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर सरकत आहे. ऑस्ट्रेलिया तर वर्षाला सुमारें सात सेंटिमीटर सरकतो. तेथील नकाशांचा १९९४ सालचा पाया २०२० सालच्या पायानें बदलला, तेव्हां साऱ्या देशाचे आंकडे सुमारें १.८ मीटरांनीं सरकवावे लागले. आधारासाठीं म्हणून जे आंकडे दिलेले असतात त्यांच्यावर आतां वर्षहि लिहावें लागतें.

हें सर्व तज्ज्ञांनीं पाहावें, गृहस्थाला याचें काय, असा प्रश्न कोणाच्या मनांत येईल. पूर्वीं तो योग्य होता, आतां नाहीं. २४ एप्रिल २०२० रोजीं स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्या अन्वयें खेड्यांतील गांवठाणांची मोजणी आकाशांतून, ड्रोनच्या साहाय्यानें करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. २०२१ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें नकाशाविषयींचे जुने निर्बंध सैल केले, आणि भारतीय व्यक्तींना व संस्थांना पूर्वपरवानगीवांचून नकाशे करण्याची मोकळीक दिली. सर्वेक्षण विभागानें उभारलेलीं कायम स्वरूपाचीं उपग्रह-ग्रहण केंद्रें आतां कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक स्थान तत्काळ देऊं शकतात. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु याचा अर्थ असा कीं, आजोबांच्या वेळचा सांखळीनें मोजलेला कागद आणि नातवाच्या हातांतला ड्रोनचा कागद एकमेकांवर ठेवले जाण्याचा प्रसंग आतां गांवोगांव येणार. जुने गांव-नकाशे पुष्कळदां कोणत्याहि राष्ट्रीय पायाला जोडलेलेच नव्हते. बांधावरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सांखळी धरली, एवढाच त्यांचा आधार. ते नव्या कागदावर बसवितांना रेघा हालणारच. आणि रेघ हालली कीं मनुष्याच्या मनांत पहिला विचार येतो तो शेजाऱ्यानें बांध कोरल्याचा. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले तंटे आपल्याकडे कोणाला अपरिचित आहेत?

अशा वेळीं एक साधी कसोटी प्रत्येकास लावतां येईल. जुन्या व नव्या नकाशांत ज्यांचें स्थान बदलणें शक्यच नाहीं अशा चार-पांच खुणा घ्याव्या: जुनें देऊळ, दगडी विहीर, चावडीचा कोपरा, हद्दीचा पक्का दगड. या साऱ्या खुणा एकाच दिशेला, जवळजवळ सारख्याच अंतरानें सरकलेल्या दिसल्या, तर दोष शेजाऱ्याचा नाहीं. दोन नकाशांचे पाये निराळे आहेत, हेंच बहुधा कारण. खुणा निरनिराळ्या दिशांना थोड्या थोड्या सरकल्या असतील, तर जुनी मोजणी स्थूल होती किंवा कागद आटला-ताणला असें समजावें. पण देऊळ, विहीर व दगड जागच्या जागीं आहेत आणि एकटा एकच बांध सरकला आहे, असें दिसलें, तर मात्र मोजणीदाराला जागेवर बोलावण्यास कारण आहे. पहिल्या प्रकारचा फरक गणितानें मिटतो. तिसऱ्या प्रकारचा कचेरींत मिटवावा लागतो. पहिल्याला तिसरा समजून कोर्टाची पायरी चढलेल्याचा पैसा व स्नेह दोन्ही जातात.

म्हणून यापुढें कोणताहि मोजणीचा कागद हातीं आला म्हणजे तीन प्रश्न अवश्य विचारावे. हा नकाशा कोणत्या डेटमवर आहे? यांतील उंची कोणत्या शून्यापासून मोजली आहे? आणि मोजणी कोणत्या सालची आहे? हे प्रश्न विचारण्यास गणित यावें लागत नाहीं. दुकानांत कापड घेतांना आपण वार कीं मीटर हें विचारतोंच. त्याहून हें अवघड नाहीं. ज्या कचेरींत किंवा ज्या व्यवसायिकाकडे या तीन प्रश्नांचीं उत्तरें तयार असतील त्याचा नकाशा विश्वासानें वापरावा. जेथें उत्तर मिळणार नाहीं तेथें नकाशा कितीहि रंगीत व सुबक असला तरी तो घराच्या कागदपत्रांत ठेवण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

लॅम्टननें सांखळी धरली तेव्हां त्याच्या पायाखालच्या प्रत्येक बिंदूचा हिशेब त्याच्या वहींत लिहिलेला होता. आज तीच मापें बोटाच्या एका स्पर्शानें मिळतात, आणि वही कोणी पाहत नाहीं. माप सोपें झालें याचा आनंद मानावा. मात्र तें कोठून घेतलें, एवढें विचारण्याचे श्रम आपण वांचवूं नयेत.